अगराचे तेल: वाफेला जेवढे उचलता येते तेवढे

अगराचे निरोगी झाड तोडले, तर आतून फिकट, पिवळसर पांढरे, हलके आणि जवळजवळ वासहीन लाकूड निघते. ते इमारतीच्या उपयोगाचे नसते, आणि त्याला गिऱ्हाईकही नसते. जगातल्या सर्वांत महाग सुगंधी तेलांमध्ये ज्याची गणना होते, ते तेल या झाडात मुळात नसतेच. झाड आजारी पडल्यावर ते तयार होते, आणि तेही खोडाच्या काही मोजक्या भागांत. अगराच्या तेलाभोवती गूढ कथांचे मोठे वलय आहे. पण त्या तेलाची दुर्मिळता, त्याचा भाव, ते काढायला लागणारे दिवस आणि त्याला येणारा तो चमत्कारिक, गोठ्याची आठवण करून देणारा वास, या सगळ्यांची कारणे दोनच गोष्टींत सापडतात. पहिली गोष्ट हा आजार. दुसरी गोष्ट अशी की या सुगंधाचे रेणू जड असतात आणि पाण्याच्या वाफेला ते फार सावकाश, थोडे थोडे करून उचलावे लागतात.

पुढे जाण्याआधी नावाचा घोळ सोडवलेला बरा, कारण मराठी वाचकाची इथे हमखास गल्लत होते. अरबी भाषेत ‘ऊद’ म्हणजे लाकूड. सुगंधाच्या संदर्भात त्याचा अर्थ अगराचे लाकूड, आणि आखाती देशांतल्या अत्तरांच्या बाटल्यांवर हा शब्द आज याच अर्थाने दिसतो. आपल्या घरांत मात्र तिन्हीसांजेला निखाऱ्यावर जो ऊद घालतात, किंवा बाळाला न्हाऊ घातल्यावर ज्याची धुरी देतात, तो लोबान असतो. ती निराळ्याच झाडाची राळ आहे. शब्द अरबी व्यापाऱ्यांबरोबर आला आणि वाटेत त्याने वस्तू बदलली. उदबत्ती आणि अगरबत्ती या दोन्ही शब्दांत एकाच लाकडाचे नाव दडलेले आहे; बाजारातल्या बहुतेक काड्यांत ते लाकूड नावालाही नसते, ही गोष्ट वेगळी. कोकणातले नारळी-पोफळीचे आगर आणि समुद्री शेवाळापासून होणारे जेलीचे अगर-अगर यांचा या झाडाशी काहीही संबंध नाही. संस्कृतातला अगुरु किंवा काळ्या लाकडाचा कृष्णागुरु, तोच हा अगर.

हे झाड ईशान्य भारतापासून मलेशिया-इंडोनेशियापर्यंतच्या दमट पट्ट्यात वाढते. त्याच्या वीसएक जाती आहेत. आसामात जी वाढते तिचे शास्त्रीय नाव अ‍ॅक्विलेरिया मलाक्केन्सिस असे असून स्थानिक लोक तिला सांची म्हणतात. कागद येण्याआधी आसामी पोथ्या या झाडाच्या सालीवर लिहिल्या जात, आणि अशा सांचीपातावरच्या पोथ्या तिथल्या वैष्णव सत्रांतून, म्हणजे मठांतून, आजही जपलेल्या आहेत. सातव्या शतकात कामरूपाचा राजा भास्करवर्मा याने सम्राट हर्षाकडे ज्या भेटी पाठवल्या, त्यांची यादी बाणभट्टाने ‘हर्षचरिता’त दिली आहे. तिच्यात अगुरूच्या सालीवर लिहिलेली सुभाषितांची पुस्तके आहेत आणि वेळूच्या जाड नळ्यांत भरलेले कृष्णागुरूचे तेलही आहे. या उल्लेखावरून आसामात त्या काळी ऊर्ध्वपातन, म्हणजे वाफेने तेल काढणे, होत असे असा निष्कर्ष काढण्याचा मोह काहींना होतो. तो आवरावा, कारण सुगंधी लाकूड तिळाच्या तेलात मुरवून किंवा उकळूनही सुगंधी तेल करता येते, आणि आपल्याकडची जुनी सुगंधी तेले बहुतांशी तशीच होत असत.

आता आजाराकडे वळू. आसामातल्या बागांमध्ये, विशेषतः वरच्या आसामात गोलाघाट, जोरहाट, शिवसागर या भागांत घराभोवतीच्या सुपारीच्या वाडीत लावलेल्या सांचीला, झ्यूझेरा कॉन्फर्टा नावाच्या पतंगाची अळी लागते. ती खोड पोखरत नागमोडी बोगदे करते, आणि त्या बोगद्यांतून बुरशी आत शिरते. शेतकरी झाडाच्या बुंध्याशी पडलेला भुसा पाहून ओळखतात की अळी आत कामाला लागली आहे. दुसऱ्या कोणत्याही फळबागेत हा भुसा पाहून माणूस कपाळावर हात मारील. इथे तो समाधानाने मान डोलावतो.

जखम झाली आणि बुरशी शिरली की झाड स्वतःचा बचाव करू लागते. अगराच्या लाकडाची एक खास ठेवण इथे उपयोगी पडते. बहुतेक झाडांत अन्नरस वाहणारी ऊती सालीच्या आतल्या बाजूला असते आणि लाकडाचा गाभा बराचसा मृत असतो. अगरात मात्र अन्नरसाच्या या ऊतीची लहान लहान बेटे लाकडाच्या आतही विखुरलेली असतात. तिथल्या जिवंत पेशींत साठवलेला स्टार्च आणि साखर वापरून झाड एक गडद, चिकट राळ तयार करते आणि जखमेभोवतीचा भाग तिने भरून टाकते. बुरशीला पुढे सरकता येऊ नये म्हणून उभारलेली ही भिंत असते. वर्षानुवर्षे ती जाड होत जाते आणि पांढऱ्या लाकडात आधी तपकिरी रेघा, मग काळपट पट्टे आणि क्वचित एखादा पूर्ण काळा गठ्ठा तयार होतो. उत्तम प्रतीचा तुकडा राळेने इतका जड झालेला असतो की तो पाण्यात बुडतो. चिनी आणि जपानी भाषांत अगराला जी नावे आहेत त्यांचा अर्थच ‘बुडणारा सुगंध’ असा आहे. आपल्या पतंगाची आणि बुरशीची वाट न पाहता खोडात खिळे ठोकणे, भोके पाडणे, त्या भोकांतून बुरशीचे विरजण सोडणे असे कृत्रिम उपायही आता सर्रास केले जातात, आणि जोरहाटच्या वर्षावन संशोधन संस्थेत यावर बरेच काम झाले आहे. विरजण हा शब्द मी मुद्दाम वापरला, कारण प्रकार तोच आहे: लागले तर उत्तम लागते, आणि न लागण्याची कारणे पुष्कळ असतात.

झाड तोडल्यावर पहिले काम तेल काढण्याचे नसते, ते निवडण्याचे असते. आसामातले होजाई हे गाव या धंद्याचे केंद्र आहे. तिथे कारागीर बारीक छिन्नीने काळा भाग पांढऱ्या लाकडापासून तासत बसलेले दिसतात. हे काम अतिशय चिकाटीचे असते, कारण छिन्नी जरा खोल गेली तर मोलाचा भाग कचऱ्यात जातो आणि वर राहिली तर तुकड्याची प्रत उतरते. आता एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. सर्वांत चांगले लाकूड सहसा भट्टीत जातच नाही. ते तुकड्यांच्या रूपात विकले जाते, आणि आखाती देशांत निखाऱ्यावर ठेवून पाहुण्यांसमोर त्याचा धूर फिरवला जातो. तेलासाठी येते ते उरलेले: फिकट रेघांचे, अर्धवट राळ धरलेले, तासताना पडलेले लाकूड. म्हणजे तेल काढणाऱ्याच्या हाती मुळातच दुय्यम माल असतो, आणि त्यातूनच त्याला किंमत काढायची असते.

इथे थोडे रसायनशास्त्र समजून घ्यावे लागेल, पण घाबरण्यासारखे काही नाही. अगराच्या राळेत प्रामुख्याने दोन कुळांचे पदार्थ असतात. पहिले कूळ सेस्क्विटर्पीनांचे. या रेणूंच्या सांगाड्यात पंधरा कार्बन अणू असतात. लिंबाच्या सालीचा किंवा गवती चहाचा जो झणझणीत वास आपण ओळखतो, त्याचे रेणू दहा कार्बनांचे असतात, म्हणून ते चटकन उडतात आणि चटकन विरतात. सेस्क्विटर्पीन त्यांच्या दीडपट, म्हणून ते सावकाश उडतात आणि कपड्यावर दिवसदिवस टिकतात. अगरोस्पिरॉल आणि जिन्को-एरेमॉल ही यांतली प्रसिद्ध नावे. दुसरे कूळ क्रोमोनांचे. हे रेणू सेस्क्विटर्पीनांहूनही जड असतात, आणि त्यांतले बरेचसे साध्या तापमानाला उडतच नाहीत, म्हणून त्यांना स्वतःचा असा वास फारसा नसतो. पण निखाऱ्यावर पडले की ते तुटतात आणि त्यांतून बेंझाल्डिहाइडसारखे लहान, गोडसर वासाचे रेणू मोकळे होतात. अगराचा तुकडा जळताना जो गोड, किंचित बदामासारखा पदर जाणवतो, त्यात या तुटण्याचा मोठा हात असतो. ही दोन कुळांची गोष्ट पुढे पुन्हा लागणार आहे.

सेस्क्विटर्पीन अल्कोहोलांचा उत्कलनबिंदू साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसच्या घरात असतो. नुसते लाकूड तेवढे तापवले तर ते करपेल आणि सुगंधाच्या जागी धुराचा वास मिळेल. मग शंभर अंशांना उकळणाऱ्या पाण्यातून हे तेल बाहेर येते कसे? याचे उत्तर वाफेच्या दाबात आहे. कोणताही द्रव तापला की त्याचे रेणू वाफ होऊन बाहेर पडू पाहतात, आणि तो दाब भोवतालच्या हवेच्या दाबाएवढा झाला की द्रव उकळतो. पाणी आणि तेल एकमेकांत मिसळत नाहीत, आणि म्हणूनच एकाच भांड्यात असले तरी प्रत्येक जण आपापला दाब स्वतंत्रपणे लावतो. त्या दोघांच्या दाबांची बेरीज हवेच्या दाबाएवढी झाली की पुरते. पाणी जवळजवळ सगळा भार उचलते आणि तेलाच्या वाट्याला अगदी थोडा येतो. म्हणून हे मिश्रण शंभर अंशांच्या किंचित खालीच उकळू लागते, आणि निघणाऱ्या वाफेत तेलाचाही थोडा अंश असतो. स्वतः उकळायला ज्याला तीनशे अंश लागले असते, तो पदार्थ पाण्याच्या खांद्यावर बसून शंभर अंशांच्या आत बाहेर येतो.

हा ‘थोडा अंश’ किती थोडा, याचा अंदाज एका साध्या हिशेबाने येतो. समजा, एखाद्या घटकाचा दाब त्या तापमानाला पाण्याच्या दाबाच्या हजाराव्या भागाएवढा आहे. म्हणजे वाफेत पाण्याच्या हजार रेणूंमागे त्याचा एक रेणू येईल. पण पाण्याच्या रेणूचे वजन १८ आणि अगरोस्पिरॉलच्या रेणूचे २२२, म्हणजे बारापटीहून जास्त. तेव्हा वजनाने पाहता एक लिटर पाणी वाफ होऊन गेले, तर त्याबरोबर सुमारे १२ ग्रॅम तेल यायला हवे. हे वाचून वाटेल की मग काम सोपे आहे. पाच-पन्नास लिटर पाणी उकळले की झाले. पण हा हिशेब तेल पाण्यावर मोकळे तरंगत असेल तेव्हाचा आहे. अगराचे तेल तसे नसते. ते लाकडाच्या पेशींत, घट्ट राळेत, क्रोमोनांसारख्या न उडणाऱ्या पदार्थांत विरघळून अडकलेले असते. राळेत मिसळल्यामुळे त्याचा दाब आणखी घटतो, आणि वाफेत जाण्याआधी त्याला लाकडाच्या कणाच्या आतून पृष्ठभागापर्यंत झिरपत यावे लागते. प्रत्यक्षात वेळ ठरतो तो या झिरपण्यावर. पुदिन्याचे किंवा गवती चहाचे तेल काही तासांत निघते, कारण तिथे तेल पानाच्या वरवरच्या पिशव्यांत असते. अगराची भट्टी अनेक दिवस आणि कित्येकदा आठवडाभरही रात्रंदिवस चालते, त्याचे कारण हेच.

भट्टीपूर्वीची सगळी तयारी या झिरपण्याला मदत करण्यासाठी असते. लाकडाचे आधी तुकडे करतात, वाळवतात आणि मग गिरणीत घालून त्यांचा भुगा करतात. भुगा जितका बारीक तितका तेलाचा बाहेर यायचा रस्ता आखूड, हे खरे. पण फार पिठासारखा झाला तर तो तळाशी बसतो, त्याचे गोळे होतात आणि भांड्याचा तळ लागतो. स्वयंपाकघरात पिठले करणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

मग येते भिजवण, आणि या लेखात मला सर्वांत जास्त रस आहे तो इथे. भुगा पिंपांत किंवा हौदांत पाण्यात बुडवून ठेवतात: कुणी आठवडाभर, कुणी महिनाभर, कुणी त्याहूनही अधिक. वरवर पाहता लाकूड मऊ व्हावे एवढाच हेतू दिसतो, आणि पाण्याने पेशी फुगतात, त्यांच्या भिंती सैल होतात हेही खरे आहे. पण पाण्यात भिजलेले लाकूड नुसते भिजत नाही, ते आंबते. जिवाणू आणि बुरशा लाकडातल्या साखरेवर आणि स्टार्चवर ताव मारतात, पाणी आंबट होते, त्यावर फेस आणि साय धरते आणि हौदापाशी उभे राहवत नाही. या आंबण्याने पेशींच्या भिंती आणखी पोखरल्या जातात, म्हणून तेल सुटायला मदत होते. त्याचबरोबर आंबण्यात ॲसिटिक, ब्युटिरिक अशी आम्ले तयार होतात. ब्युटिरिक आम्ल म्हणजे खवट लोण्याचा वास. हे लहान रेणू पुढे वाफेबरोबर सहज उठतात आणि तेलात जाऊन बसतात. पारंपरिक आसामी तेलात जो चामड्याचा, गोठ्याचा, जनावराच्या अंगाचा पदर असतो, तो मोठ्या प्रमाणात झाडाचा नसून हौदाचा असतो. आखाती गिऱ्हाइकाला तो पिढ्यान्पिढ्यांच्या सवयीने आवडतो आणि खऱ्या ‘हिंदी’, म्हणजे भारतीय, ऊदाची ती खूण मानली जाते. थायलंडसारख्या ठिकाणी अनेक कारखानदार थोडेच भिजवतात किंवा स्वच्छ पाणी बदलत राहतात, आणि त्यांचे तेल फळासारखे गोडसर निघते. झाडे जवळच्याच नात्यातली, भट्टीही साधारण तीच, पण भिजवण बदलली की तेलाचा स्वभाव बदलतो. ताक आणि दही यांत दुधाएवढाच विरजणाचा आणि वेळेचा वाटा असतो, तसे हे आहे. म्हणूनच ‘गोठ्याचा वास आला म्हणजे तेल अस्सल’ हा बाजारातला ठोकताळा माझ्या मते अगदी कच्चा आहे. त्या वासावरून भुगा किती दिवस आंबला एवढेच कळते.

भिजलेला भुगा पाण्यासकट भट्टीवरच्या मोठ्या भांड्यात भरतात. कनौजच्या अत्तरवाल्यांप्रमाणे या भांड्याला देग म्हणतात. ती पूर्वी तांब्याची असे, आता बहुधा स्टेनलेस स्टीलची असते. तांब्याच्या देगेतल्या तेलाला कधी हिरवट झाक येते, कारण आंबलेल्या पाण्यातली आम्ले तांब्याला खातात. देगेवर झाकण बसवून सांधे चिखलाने किंवा कणकेने लिंपतात किंवा आताशा रबरी गॅस्केट लावतात, आणि झाकणातून निघालेली नळी थंड पाण्याच्या टाकीतून खाली उतरवतात. विदर्भात मोहाची भट्टी ज्याने पाहिली आहे, त्याला या रचनेत नवीन काही दिसणार नाही: खाली आग, मध्ये भांडे, वरून नळी, नळीवर थंड पाणी आणि शेवटी थेंब झेलणारे पात्र. फरक एवढाच की मोहाच्या भट्टीत जो पदार्थ हवा असतो तो पाण्याआधी उकळतो, आणि इथे हवा असलेला पदार्थ पाण्याच्या नंतर, कितीतरी नंतर उकळणारा असतो. त्यामुळे तिथे चटकन हाती येते आणि इथे धीर धरावा लागतो.

भुगा थेट पाण्यात उकळण्याऐवजी बॉयलरची वाफ भुग्यातून सोडण्याची पद्धतही आहे, आणि इतर अनेक तेलांसाठी तीच श्रेयस्कर असते. अगराच्या बारीक भुग्यात मात्र वाफ सर्वत्र न फिरता एखादी फट शोधून तिच्यातूनच वर निघून जाण्याचा धोका असतो, आणि बाकीचा भुगा कोराच राहतो. पाण्यात भुगा सुटा राहतो, ढवळला जातो. त्याची किंमत म्हणजे आगीवर लक्ष ठेवावे लागणे. आग मोठी झाली तर तळचा भुगा करपून जळकट वास सगळ्या घाण्याला लागतो. कमी झाली तर वाफ मंदावते आणि जळण फुकट जाते. तेल काढणाऱ्याचे कौशल्य बहुतांशी या आगीत असते.

नळीभोवतीच्या पाण्यालाही आपले म्हणणे असते. ते तापले तर वाफ पुरती थंड न होता काही सुगंध हवेत निघून जातो. ते फार गार असले तर अगराचे तेल, जे मुळातच मधासारखे दाट असते, नळीच्या भिंतीला चिकटून बसते. म्हणून नळीतून येणारे पाणी हाताला कोमट लागेल इतपतच थंड ठेवणे जाणकार पसंत करतात.

पात्रात जे जमते ते बहुतेक पाणीच असते, आणि त्यावर तेलाचा पातळसा तवंग. बुडणाऱ्या लाकडाचे तेल तरंगावे, यात विरोधाभास वाटेल. पण तुकड्याला जडपणा देणारा राळेचा मोठा भाग, विशेषतः क्रोमोन, मागे देगेतच राहिलेला असतो आणि वर आलेले सेस्क्विटर्पीन पाण्यापेक्षा किंचित हलके असतात. हा फरक इतका लहान असतो की तेल पटकन वेगळे होत नाही, त्याचे बारीक थेंब पाण्यात लोंबकळत राहतात. म्हणून पात्र रुंद तोंडाचे ठेवून तेल निवांत वर येऊ देतात आणि कारागीर चमच्याने, किंवा तळहात तवंगावर टेकवून आणि तो वाटीच्या काठावर निपटून, ते गोळा करतात. उरलेले पाणी टाकून देत नाहीत, ते पुन्हा देगेत ओततात, कारण त्यात थोडे तेल विरघळलेले असते आणि देगेतले पाणी तर आटत असतेच.

पहिल्या दिवसांचे तेल आणि शेवटच्या दिवसांचे तेल सारखे नसते. आधी येतात ते तुलनेने हलके रेणू आणि आंबवणीतली आम्ले, म्हणून सुरुवातीच्या तेलाचा वास तीव्र आणि अंगावर येणारा असतो. जड आणि अधिक खोल वासाचे घटक नंतर येतात. चोखंदळ कारखानदार वेगवेगळ्या दिवसांचे तेल वेगळे ठेवतात आणि नंतर हव्या त्या प्रमाणात मिसळतात. काढलेले तेल फडक्यातून गाळतात, उन्हात किंवा मंद उष्णतेवर ठेवून त्यातले पाणी घालवतात आणि मग काचेच्या बाटल्यांत मुरवत ठेवतात. भट्टीचा ताजा, कडवट वास जायला महिने लागतात. विकताना मोजमाप अजूनही तोळ्याचे असते. सोन्यासाठी आपण पूर्वी वापरत असू तोच ११.६६ ग्रॅमचा तोळा मुंबईच्या मोहम्मद अली रोडवरच्या अत्तरवाल्यांकडे चालतो आणि दुबईतही चालतो. होजाईहून मुंबईमार्गे आखातात जाणारी ही वाट जुनी आहे, आणि भारतीय वजनमाप तिच्यावरून परदेशात जाऊन तिथेच राहिले.

उतारा किती पडतो, या प्रश्नाला एकच आकडा देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये, कारण तो सर्वस्वी लाकडात राळ किती आहे यावर ठरतो. सर्वसाधारण भुग्यातून निघणारे तेल त्याच्या वजनाच्या एका टक्क्याच्या बरेच आत असते. एवढ्याशा तेलासाठी आठवडाभर आग जळते, आणि तोळ्याच्या भावात लाकडाइतकाच जळणाचा आणि जागरणाचा वाटा असतो. साहजिकच भेसळीला मोठा वाव आहे: वासहीन, दाट द्रावके मिसळून तेल वाढवणे किंवा कृत्रिम सुगंध घालून हलके तेल भारी भासवणे हे नित्याचे आहे. बोटावर तेल चोळून किंवा कागदावर डाग पाहून शुद्धता ठरवण्याच्या युक्त्या सांगितल्या जातात, पण त्या भरवशाच्या नाहीत. गॅस क्रोमॅटोग्राफी या चाचणीत तेलाचे घटक एकेक करून वेगळे होतात आणि सेस्क्विटर्पीनांची ओळखीची रांग आहे की नाही हे दिसते.

पाण्याऐवजी दाबाखालचा कार्बन डायॉक्साइड वापरून अर्क काढण्याची नवी पद्धतही आहे. हा वायू ३१ अंश सेल्सिअसच्या वर तापवून वातावरणाच्या ७३ पटींहून अधिक दाबाखाली आणला की तो ना धड वायू राहतो ना धड द्रव. वायूसारखा तो लाकडात शिरतो आणि द्रवासारखा सुगंध विरघळवतो. दाब काढला की वायू उडून जातो आणि अर्क मागे राहतो. उष्णता कमी लागते, वेळ कमी लागतो, आंबवणीची गरज नसते, आणि मुख्य म्हणजे वाफेला न उचलता येणारे क्रोमोनही काही प्रमाणात हाती येतात. परिणामी या अर्काचा वास देगेच्या तेलापेक्षा जळत्या तुकड्याच्या अधिक जवळ जातो. तरीही जुने गिऱ्हाईक त्याला नाके मुरडते, कारण त्याच्या मनातला अगर हौद, तांबे आणि आग यांनी घडवलेला आहे. यात मला गिऱ्हाइकाची चूक दिसत नाही. सुगंधाची व्याख्या शेवटी सवयच करते.

जंगलातली झाडे राळेच्या आशेने अंदाधुंद तोडली गेल्यामुळे १९९५ साली आसामातली ही जात, वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइटिस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आली, आणि २००५च्या सुरुवातीपासून अगराच्या सगळ्याच जातींना ते नियम लागू झाले. परदेशी व्यापाराला परवाना लागतो, आणि भारतातून होणाऱ्या निर्यातीवर कोटा असतो. २०२४ साली तुकडे व भुकटी यांच्यासाठी वर्षाला १,५१,०८० किलो आणि तेलासाठी ७,०५० किलो असा कोटा ठरला. आसामने २०२० मध्ये आणि त्रिपुराने त्यानंतर अगरासाठी खास धोरणेही आखली. आज बाजारात येणारा माल मोठ्या प्रमाणात लागवडीचा आहे, आणि कर्नाटकात कोडगूकडेही ही लागवड पोचली आहे. अशी रोपे विकणारे आता कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या शेतकऱ्यांपर्यंत येतात, तेव्हा एक साधा प्रश्न विचारावा: झाड वाढण्याची हमी तुम्ही देता, राळ धरण्याची कोण देणार? पाऊस आणि दमट हवा मिळाली की झाड वाढेल. पण राळ न धरलेले दहा वर्षांचे झाड म्हणजे पुन्हा तेच पांढरे, वासहीन लाकूड.

भट्टी विझल्यावर देगेत उरतो तो गाळ. त्यातले सेस्क्विटर्पीन बहुतेक निघून गेलेले असतात आणि ओला भुगा नाकाला लावला तर फारसे काही जाणवत नाही. तरी तो फेकत नाहीत. वाळवून अगरबत्तीवाल्यांना विकतात. वाफेला न उचलता आलेले क्रोमोन त्यात अजून असतात, आणि ते मोकळे व्हायला पाणी नव्हे, निखारा लागतो. काडी पेटली की ते तुटू लागतात आणि आठवडाभर उकळूनही जो वास निघाला नव्हता तो खोलीत दरवळतो. नावापुरत्या अगरबत्त्यांच्या बाजारात ही एक काडी तेवढी नावाला जागते.